कानावरची खूण

त्या वर्षी एप्रिल संपत आला तरी बर्फ हटेना. गंजीतलं गवत संपलं. तळाशी उरला होता तो काळा, बुरशी लागलेला चोथा. मेंढ्या तो हुंगायच्या आणि तोंड फिरवायच्या. आमच्या पंधरा होत्या, त्यातल्या अकरा गाभण. रोज सकाळी दोन-तीन तरी उठायच्याच नाहीत. मग दीर पुढून छातीखाली हात घालायचा, मी मागून खांदा लावायची, आणि आम्ही त्यांना पायांवर उभ्या करायचो. माझ्या बाह्यांना मुताचा वास बसला होता. धुतला तरी जात नव्हता.

नवरा चुलीपाशी पडून. गेल्या शरदात गवताच्या गाडीवरून खाली आला आणि कंबर गेली. कूस बदलायची तरी मला हाक मारायचा.

दिराचं नाव तालाय. हे आता तुम्हाला कळावं म्हणून सांगतेय, हाक मारताना कधी घेतलं नाही. आमच्यात सून सासरच्या माणसाचं नाव घेत नाही, स्वतः ठेवलेल्या नावानं हाक मारते. मी लग्न होऊन आले तेव्हा हा आठ वर्षांचा. पुढचे दात पडलेले, माझ्या रुमालाचं टोक धरून हसत उभा. मी नाव ठेवलं हसऱ्या. पुढं सासू-सासरे गेले, मीच वाढवला त्याला.

गावानं नाव ठेवलं ते नंतर. गावात तालाय दोन. एक ट्रॅक्टरवाला तालाय, दुसरा चोर तालाय. शेंबडी पोरंसुद्धा तसंच म्हणतात. शिवी देतोय असं त्यांच्या मनातही नसतं.

चोरी काय केली ते ऐका. एकोणिसाव्या वर्षी गुरांच्या डॉक्टरचा घोडा न विचारता नेला, खिंडीपलीकडच्या लग्नात नाचायला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आणून बांधला. घोड्यावर दोघं होते. पुढं लगाम धरून गावातल्याच कुबातचा मुलगा, मागं आमचा. कुबातचा मेहुणा जिल्ह्याच्या कचेरीत, त्यामुळे त्याचा मुलगा खोडकर ठरला आणि शहरात शिकायला गेला. आमच्या मागंपुढं कोणी नाही, आमचा चोर ठरला. दोन वर्षं आत होता. सुटून आला त्याला चार वर्षं झाली होती. डॉक्टर मरूनसुद्धा गेला, पण नाव काही मरेना.

मेच्या पहिल्या आठवड्यात टेकड्या उघड्या पडल्या आणि गावाच्या पाळ्या सुरू झाल्या. साठ घरांच्या मेंढ्या सकाळी पुलापाशी जमतात आणि दर घरानं आळीपाळीनं तो कळप टेकडीवर न्यायचा. ज्याची पाळी, जबाबदारी त्याची. जो पाळी करत नाही, त्याच्या मेंढ्या कळपात घेत नाहीत. आजवर आमची पाळी नवरा करायचा. आता तो पडलेला, मी घर सोडू शकत नाही. राहिला कोण, तर हसऱ्या.

पाळ्या ठरवायचं काम जोलचूआजोबांकडे. ऐंशीला आलेला म्हातारा, पांढरी दाढी छातीपर्यंत, मशिदीत पहिल्या रांगेत. त्याच्या शब्दाबाहेर गाव नाही. मी गेले तेव्हा तो ओट्यावर बसून उन्हात नखं कापत होता.

"आमची पाळी कधी धरलीत, आजोबा?"

"तुझा नवरा उभा राहू दे. मग बघू."

"तोवर मेंढ्या मरतील. दीर नेईल ना कळप."

म्हाताऱ्यानं कात्री थांबवली. "सूनबाई, मला काही नाही. माझा काही राग नाही त्या पोरावर. पण लोक काय म्हणतील? लांडग्याला राखण दिली म्हणतील."

"लोक म्हणजे कोण?"

"लोक म्हणजे लोक," तो म्हणाला आणि दुसऱ्या पायाचा अंगठा हातात घेतला.

मी घरी आले. हसऱ्या गोठ्यात शेण खरवडत होता. त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. खोऱ्याचा आवाज तेवढा जोरात व्हायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी एक मेंढी कापायची ठरवली. करडी, भाकड. नवरा म्हणाला, "आहेत त्यातलीच कापतेस?" मी म्हटलं, "एक कापून चौदा वाचतात का बघू." आमच्याकडं म्हाताऱ्यांकडून काही हवं असेल तर त्यांच्यापुढं मुंडकं ठेवावं लागतं. रिकाम्या ताटापुढं कोणाची जीभ वळत नाही.

हसऱ्यानं मेंढी कापली. मी आतडी धुतली, मुंडकं आगीवर धरून केस जाळले, सुरीनं खरवडलं. दर घर आपल्या मेंढ्यांच्या कानावर स्वतःचा काप देतं; आमची खूण डाव्या कानाच्या खालच्या कडेला, अर्धचंद्र. आजेसासऱ्यांपासून चालत आलेली. केस जळाल्यावर ती आणखी स्वच्छ दिसायला लागली. कातडं मिठात घालून कुंपणावर टाकलं.

जोलचूआजोबा आले, बरोबर त्यांच्याच वयाचे दोन म्हातारे. कुबातला बोलावलं होतं, तो आला नाही. हसऱ्यानं त्यांच्या हातावर पाणी घातलं. दोघं म्हातारे त्यानं दिलेल्या पंच्याला हात पुसताना त्याच्याकडं बघत नव्हते. जेवायला बसल्यावर मी मुंडकं आजोबांपुढं ठेवलं. त्यांनी चाकू काढला, कान बोटांत धरला, उजेडाकडं वळवला.

"सेयितच्या घराण्याची खूण," ते म्हणाले. "या पोराच्या आज्याबरोबर, सेयितबरोबर, मी गुरं राखलीत. मोठा माणूस होता." मग कान कापून माझ्या मुलीच्या हातात दिला. पंगतीत सगळ्यांत लहान ती. "घे, जायना. कान खाल्ला की मोठ्यांचं ऐकायला येतं."

जायना सहा वर्षांची. कुर्रकुर्र करून कान खाल्ला, दुसराही मागितला. म्हाताऱ्यांनी पोटभर खाल्लं. हाडं फोडून आतला मगज चोखला, दाढ्यांना चरबी लागली. शेवटी जोलचूआजोबांनी तोंडावरून हात फिरवले आणि म्हणाले, "गुरुवारी तुमची पाळी."

हसऱ्या दाराशी बसला होता. त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर लहानपणचं हसू मी बघितलं. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. ताटं उचलायच्या निमित्तानं मी बाहेर गेले.

गुरुवारी उजाडायच्या आत तो पुलापाशी उभा. नव्यानं धुतलेला सदरा, डोक्यावर नवऱ्याची उंच लोकरी टोपी, कलपाक. त्या दिवशी शेजारणीला नवऱ्याजवळ बसवून मीही त्याच्याबरोबर गेले. साक्षीला कोणी असावं म्हणून. तसं मी त्याला सांगितलं नाही, पण त्याला कळलं असणार.

तीनशेच्या वर मेंढ्या. ओढा भरून आलेला. तो कमरेएवढ्या पाण्यात दोन तास उभा राहिला आणि एकेक मेंढी हातानं पलीकडं लोटली. ओठ निळे पडले. टेकडीवर दुपारी गारा आल्या. कळप खडकाच्या आडोशाला नेला तेवढ्यात एक मेंढी व्यायली. कुबातची होती. कोकरू ओलं, थंडीनं आखडलेलं. हसऱ्यानं त्याच्या नाकात फुंकर घातली, सदऱ्याच्या आत पोटाशी बांधलं आणि तसाच संध्याकाळपर्यंत चालला.

"घाण झाला की रे सदरा," मी म्हटलं.

"धुशील ना, वहिनी."

संध्याकाळी पुलापाशी बघते तर गाव लोटलेलं. इतर दिवशी पोरं येतात आणि आपापल्या मेंढ्या हाकलून नेतात. त्या दिवशी साठ घरांचे कर्ते पुरुष उभे. बोट दाखवून मोजत होते, पुन्हा मोजत होते. सगळ्या भरल्या. हसऱ्यानं सदऱ्यातून कोकरू काढून कुबातच्या हातात दिलं. कुबातनं ते उलटंपालटं करून बघितलं, बाजारात कोंबडी बघतात तसं. आणि घेऊन गेला. आभार राहू द्या, पण माणसाकडं बघायला काय जातं?

शनिवारी सकाळी दारात जीप उभी राहिली.

नूरदीन साहेब आमच्या भागाचे पोलीस. चार वर्षांत कुठं कोंबडी हरवली तरी त्यांची पहिली फेरी आमच्याकडं. वहीत हसऱ्याच्या नावाखाली तांबडी रेघ आहे, ती त्यांनीच मला एकदा दाखवली होती, अगदी कौतुकानं. मागं कुबात होता.

"करडी मेंढी गेली कुबातची," साहेब म्हणाले. "आठवडाभर दिसलेली नाही."

"गुरुवारी मोजून नेल्यात त्यांनी. सगळ्या गावासमोर."

"अंधार पडायला आला होता. चुकलं असेल मोजताना," कुबात म्हणाला. तो माझ्याकडं नाही, कुंपणाकडं बघत होता. कुंपणावर करडं कातडं.

मग सुरू झालं ते नेहमीचंच. साहेबांनी काठीनं उकिरडा उकरला, राखेत हाडं शोधली. भांड्यांची झाकणं उचलून वास घेतला. घडी करून ठेवलेल्या रजयांच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला, माझी पेटी उघडून आतले कपडे चाचपले. नवरा चुलीपाशी पडल्यापडल्या भिंतीकडं तोंड करून राहिला. हसऱ्या हात लोंबकळत सोडून अंगणात उभा होता. कुठं उभं राहायचं हे त्याला आता पाठ झालं होतं.

"मुंडकं कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"खाल्लं. पाहुणे होते."

"कान?"

"कानही खाल्ले. माझ्या मुलीनं."

साहेब हसले. "बघा कुबातभाऊ. चोर कान आधी नाहीसे करतो. ही तर म्हणते पोरीनं खाल्ले."

"माझ्या कानाला चंद्र होता," जायना म्हणाली. "आजोबांनी मला दाखवला."

"जोलचूआजोबांनी स्वतःच्या हातानं कापला," मी म्हटलं. "खूण बघून बोललेसुद्धा. त्यांना विचारा."

साहेबांनी माणूस पाठवला. तो येईपर्यंत आमच्या चटईवर बसून माझ्याच हातचा चहा घेतला. दारात आलेल्याला चहा नाही म्हणता येत नाही, तो तुमच्या पेटीत हात घालून आलेला असला तरी. त्याच हातानं त्यांनी नान मोडली, सायीत बुडवली, बोटं चाटली. आजही साय बघितली की मला ती बोटं दिसतात.

जोलचूआजोबा काठी टेकत आले. माझ्या जिवात जीव आला.

"आजोबा, कानावर खूण कुणाची होती?" साहेबांनी विचारलं.

म्हाताऱ्यानं एकदा कुबातकडं बघितलं. कुबातची मुलगी आजोबांच्या नातवाला द्यायची ठरली होती, ते मला तेव्हा आठवलं. मग त्यानं दाढीवरून हात फिरवला.

"कान कापला खरा मी," तो म्हणाला. "पण या वयात कानावरच्या खुणा कुणाला दिसतात? डोळे गेले माझे."

"तुम्ही बोललात, आजोबा. त्याच्या आज्याचं नाव काढलंत."

"बोललो असेन काहीतरी. जेवताना माणूस काहीही बोलतो, सूनबाई."

बाकीचे दोन म्हातारे फाटकापाशी होते. साहेबांनी तिकडं बघितलं. एक म्हणाला, "त्यांना नाही दिसली तर आम्हाला काय दिसणार?"

आमचं मांस अजून त्यांच्या दातांत अडकलं असेल. खाल्ल्या मिठाला कुत्रं जागतं. कुत्र्याला आपण उगाच नावं ठेवतो.

हसऱ्या स्वतःहून जीपकडं चालायला लागला. जाताना मला म्हणाला, "वहिनी, सदरा वाळत घातलाय. पाऊस आला तर काढ."

तीन दिवस ठेवलं त्याला. मी दोनदा गेले, दोनदा फाटकातून परत पाठवलं. चौथ्या दिवशी कुबातची करडी मेंढी सापडली. पलीकडच्या गावाच्या कळपात मिसळली होती, त्यांच्या गुराख्यानं आणून सोडली. कुबातच्या कुंपणात ती खुशाल रवंथ करत उभी, कानाचं टोक सरळ कापलेलं, त्यांची खूण. मी जाऊन बघून आले.

"सापडली वाटतं," मी म्हटलं.

"हो," कुबात म्हणाला. "या वेळी त्यानं नव्हती नेली."

या वेळी. हे दोन शब्द मी घरी घेऊन आले.

हसऱ्या पायी परत आला. डावा कान सुजलेला, त्या बाजूनं ऐकू येईना. पाठीवर काय होतं ते त्यानं बघू दिलं नाही. कोणी माफी मागितली नाही. कोणी विचारलं नाही. पोरं म्हणाली, चोर तालाय सुटला. आणि पाळ्यांच्या यादीतून आमचं घर गेलं. जोलचू म्हणाला, "मेंढी चोरली नाही हे खरं. पण गावाच्या मनात शंका आली ना."

म्हणजे शंका गावाला आली आणि उपास आमच्या मेंढ्यांना. पंधरा दिवसांत पाच मेल्या, पोटात कोकरं घेऊन. त्या ओढत ओढ्याकाठी नेऊन टाकताना हसऱ्या एका कानानं काय ऐकत होता कोण जाणे. मी हाक मारली तरी वळायचा नाही. मी बाजू बदलून हाक मारायला शिकले.

जूनमध्ये एके दुपारी मी चुलीसाठी गोवऱ्या रचत होते. हसऱ्या परसातून आला, खांद्यावर मेंढी. जिवंत, जाडजूड, पांढरी. ओढ्यावर कळप पाण्याला येतो तिथून आणली होती. त्यानं ती माझ्यापुढं ठेवली. उजव्या कानाचं टोक मधोमध चिरून दोन फाट्या केलेल्या. ती खूण कुणाची हे गावात आंधळ्यालाही हातानं कळेल. जोलचूची.

"सोडून ये," मी म्हटलं.

"सोडली तर काय म्हणतील?"

मी हातातली गोवरी खाली ठेवली.

"आणली तर काय म्हणतील?" तो म्हणाला. "तेच ना? मग निदान खाऊ तरी."

त्याच्या आवाजात राग असता तर मी त्याच्या थोबाडीत दिली असती. राग नव्हता. आज मीठ जास्त पडलं असं सांगावं, तसा बोलत होता.

"कान कापून टाकू?" त्यानं विचारलं.

तेव्हा जे मी बोलले ते मीच बोलले. त्यानं शिकवलं नाही, सैतानानं कानात सांगितलं असंही मी म्हणणार नाही. मी म्हटलं, "कान राहू दे."

नवरा त्या दिवसांत काठी धरून चार पावलं चालायला लागला होता. निमित्त चांगलं होतं. शेजारणीला पाठवून जोलचूआजोबांना, दोन म्हाताऱ्यांना, कुबातला आमंत्रण दिलं. नूरदीन साहेब त्या दिवशी गावातच होते, त्यांनाही. घरधनी उभा राहिला त्याचं जेवण, कळप परतायच्या आत या. नाही कोण म्हणेल? चुलीवर पातेलं ठेवून मी मुंडकं जाळायला घेतलं. केसांचा वास नाकात गेला, तरी हात थांबले नाहीत.

सगळे आले. हसऱ्यानं हातांवर पाणी घातलं. साहेब म्हणाले, "काय तालाय, सुधारलास ना?" तो म्हणाला, "हो साहेब." कुबात मांडी घालून बसला. उकडलेलं मांस आणि रुंद शेवया, बेशबरमाकची ताटं आली, वाफ निघाली, सगळ्यांची तोंडं हलायला लागली. मग मी मुंडकं आणलं आणि जोलचूआजोबांपुढं ठेवलं, उजवा कान त्यांच्याकडं करून.

म्हाताऱ्यानं चाकू काढला. कान बोटांत धरला. आणि हात तिथंच राहिला.

मी समोर उभी होते. त्याचा अंगठा त्या चिरेवरून एकदा गेला, पुन्हा गेला. साठ वर्षं त्यानं स्वतःच्या हातानं ती चीर मारली होती. त्यानं वर बघितलं. आधी हसऱ्याकडं, मग माझ्याकडं. मला वाटलं आता ओरडेल. ओरडावं असंही वाटलं, खरं सांगते. ओरडला असता तर त्याचे डोळे शाबूत आहेत हे सगळ्या पंगतीला कळलं असतं, मग माझं काय व्हायचं ते होवो. शेजारी साहेब बरगडी चावत होते, हनुवटीवरून चरबी ओघळत होती. कुबातचं लक्ष ताटात.

म्हाताऱ्यानं कान कापला. जायनाच्या हातात दिला.

जायनानं तो फिरवून बघितला. "आई, हा आपला नाही," ती म्हणाली. "याला चंद्र नाही. याच्या दोन फाट्या आहेत."

साहेबांचं तोंड हलायचं थांबलं. कुबातनं मान वर केली. त्यानं कानाकडं बघितलं, मग म्हाताऱ्याकडं, आणि त्याचा घास तसाच गालात राहिला.

"कुणाची खूण आहे ती, आजोबा?" साहेबांनी विचारलं.

जोलचूआजोबांनी दाढीवरून हात फिरवला. हाताची चरबी दाढीला लागली.

"या वयात," ते म्हणाले, "कानावरच्या खुणा कुणाला दिसतात."

जिंकल्याचं सुख मला वाटेल असं वाटलं होतं. काही वाटलं नाही, नुसती किळस आली. त्याची, पंगतीची, माझ्या हातांना लागलेल्या जळक्या केसांच्या वासाची. मी दाराशी बघितलं. दीर ताटावर वाकून जेवत होता, सावकाश, पोटभर. मला त्याला हाक मारायची होती. मीच ठेवलेलं नाव तोंडाशी आलं आणि बाहेर पडेना.

जायना कान हातात धरून माझ्याकडं बघत होती.

"खा," मी म्हटलं.

तिनं तो तोंडात घातला, आणि कुर्रकुर्र चावल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.